डबक चाळीतला विद्यार्थी

जून उजाडला की मंठा, परतूर, भोकरदन, घनसावंगीकडची आपली मुले पेटी-वळकटी घेऊन जालन्याच्या बसस्थानकावर दिसू लागतात. गावात पहिला आलेला मुलगा शहरातल्या वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतो आणि दिवाळीला घरी आला की परत जायचे नाव काढत नाही. अशा मुलाला आणि त्याच्या आईबापाला परमपूज्य बाबासाहेबांच्या शाळकरी वयाची आठवण करून दिली पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात गेले. माता भीमाई लवकरच गेल्या. शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसला तर दिवसभर तहानलेले राहायचे.

१९०४ साली सुभेदार रामजीबाबा कुटुंबासह मुंबईत आले. लोअर परळच्या डबक चाळीत बिऱ्हाड थाटले. भीमराव आधी मराठा हायस्कूलमध्ये आणि नंतर सरकारी एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. एवढे मोठे शहर, त्यात सरकारची शाळा. इथे तरी जात सुटेल असे कुणालाही वाटले असते. पण शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी धावत जाऊन ते बाजूला केले. संस्कृत शिकायची इच्छा होती. ते दार बंद झाले आणि फारसी घ्यावी लागली. शहरात गर्दी वाढते, जात आपोआप जात नाही, हे त्या मुलाला तिथेच कळले.

मग हा मुलगा टिकला कसा? घर म्हणजे एकच खोली. त्यातच चूल, जाते, सरपण, शेळी आणि सगळे कुटुंब. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून मग आपण आडवे होत. दिव्याच्या उजेडात अभ्यास चाले. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते लेकींचे दागिने मागून आणून गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. त्या बहिणींचाही बाबासाहेबांच्या शिक्षणात वाटा आहे, हे आपण विसरतो. शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ साली ७५० पैकी २८२ गुण मिळवून ते मॅट्रिक झाले. सत्कारात केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. १९५६ च्या धम्मक्रांतीचे एक बीज त्या पुस्तकात होते.

पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन आणि संविधान, हे सारे आपणास ठाऊक आहे. पण ज्याला अभ्यासाला जागा नव्हती, त्याने पुढे काय केले ते पाहा. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आपल्या दारातच, आजचे मिलिंद महाविद्यालय. हुशारी मुलाजवळ असतेच. कमी पडतो तो निवारा, दिवा आणि रात्री उठवणारा माणूस, हे बाबासाहेबांनी स्वतः भोगले होते.

आज वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्याच नावाची स्वाधार योजना आहे. पण जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी यांत एखादा कागद राहिला की मुलगा राहिलाच. म्हणून वकील, शिक्षक, कर्मचारी बांधवांनी जून-जुलैमध्ये प्रत्येक रविवारी आपल्या विहारात टेबल टाकून बसावे आणि मुलांचे अर्ज भरून द्यावेत. जयंतीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी देणाऱ्या हातांनी एका मुलाच्या खोलीचे भाडेही द्यावे. रामजीबाबा एका मुलासाठी जागले. आपण गावातल्या एका मुलासाठी तरी जागू या.

जयभीम!