विश्लेषण : कापरेकर मास्तरांचा प्रश्न आणि ७२ लाख अंकी मूळ संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या जाहीर झाली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात, उणे १. ती लिहायला ४,१०,२४,३२० अंक लागतात. शोधली ती जगभरच्या हौशी संगणकधारकांच्या ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ अर्थात ‘जिम्प्स’ या उपक्रमाने. याच उपक्रमाला २००४ मध्ये सापडलेल्या एका संख्येचे नाते मात्र थेट नाशिकजवळच्या देवळालीशी, तिथल्या एका शाळामास्तरांशी जुळते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कोण होते कापरेकर?

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाची आवड असलेले. घरात आकडेमोड कायम चाले आणि मुलाला तीच गोडी लागली. शालेय शिक्षण ठाण्यात, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते देवळालीत शिक्षक होते. विद्यापीठ नाही, मार्गदर्शक नाही, आकडेमोडीचे यंत्र तर नाहीच. शाळा सुटल्यावर कागद आणि पेन्सिल, एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

त्यांचे जगात सर्वाधिक गाजलेले नाणे म्हणजे ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. कापरेकरांचे जन्मवर्ष घेऊन पाहू. ९५१० उणे ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात पायऱ्या! हा शोध १९४६ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला.

आणखी एक गंमत डोंबिवलीची. जुन्या जीआयपी रेल्वेवर या स्थानकाचे नाव ‘डेमलो’ होते. तिथे गाडी बदलताना सुचलेल्या संख्यांना कापरेकरांनी तेच नाव दिले. १२१, १२३२१, १२३४३२१ या ‘डेमलो’ संख्या ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत.

स्वयंभू संख्या म्हणजे काय?

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. २४ मधून ३०, ३० मधून ३३. म्हणजे २४ चा जनक २१, ३० चा जनक २४. काही संख्यांना मात्र असा जनकच नसतो: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ वगैरे. कोणत्याही संख्येपासून सुरुवात करा, या वाटेत त्या लागणारच नाहीत. त्यांना स्वयंभू संख्या म्हणतात. पालीच्या बल्लाळेश्वराची मूर्ती स्वयंभू, म्हणजे कोणी घडवून बसवलेली नाही, असे आपण म्हणतो, त्याच अर्थाने.

या संख्यांवर कापरेकरांनी पुस्तिका लिहिल्या आणि स्वतःच छापल्या. देशातील अनेक व्यावसायिक गणितज्ञांच्या लेखी हा पोरखेळ होता. सिद्धांत कुठे आहे, उपयोग काय, हे प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले, पेन्शन पुरेना, म्हणून उतारवयात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या सुरूच राहिल्या. नाव झाले ते बाहेरून. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगाला ठाऊक झाले. तोवर एक घोटाळा होऊन गेला होता. कोलंबियातील एका गणितप्रेमीने १९७० च्या दशकात हाच प्रश्न स्वतंत्रपणे एका अमेरिकी नियतकालिकात मांडला, त्यामुळे याच संख्यांना ‘कोलंबियन संख्या’ असेही म्हणू लागले. आज कोशांत ‘देवळाली संख्या’ आणि ‘कोलंबियन संख्या’ ही दोन्ही नावे शेजारी-शेजारी आढळतात. पहिले नाव आधी यायला हवे, एवढे म्हणणे पक्षपात ठरू नये.

स्वयंसेवकांचे जाळे कसे चालते?

२ चा एखादा घात उणे १, या रूपातील मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव आहे: ३, ७, ३१, १२७... त्या तपासायला एक सोपी कसोटी आहे. ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात उणे १, म्हणून तीन पायऱ्या. ४ चा वर्ग उणे २ म्हणजे १४. १४ चा वर्ग उणे २ म्हणजे १९४, त्याची ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग उणे २ म्हणजे ६२, बाकी शून्य. झाले.

घातांक दोन-अडीच कोटींचा असेल तर याच पायऱ्या दोन-अडीच कोटी होतात, आणि प्रत्येक पायरीत लाखो अंकी संख्येचा वर्ग! एका यंत्राला हे झेपते, पण उमेदवार हजारो असतात. अमेरिकी संगणकतज्ज्ञ जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये त्यावर उपाय काढला. प्रत्येक स्वयंसेवकाला इंटरनेटवरून एक घातांक द्यायचा. पहिल्याचे काम दुसऱ्यावर अवलंबून नसल्याने वाटणी सहज होते. उरण-पनवेल पट्ट्यातील जासईतल्या घरातला संगणकही त्यात सामील होऊ शकतो. प्रोग्रॅम उतरवायचा आणि यंत्र रिकामे असेल तेव्हा ते काम करत राहते. विजेचे बिल मात्र स्वयंसेवकाचेच.

मग कापरेकर इथे कुठे आले?

मे २००४ मध्ये या उपक्रमाला २ चा २,४०,३६,५८३ वा घात उणे १ ही मूळ संख्या सापडली. तिचे अंक ७२,३५,७३३. ऑक्टोबर २००६ मध्ये गणितज्ञ ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिले, की ती स्वयंभूही आहे. तोवर ज्ञात असलेल्या ४४ मर्सेन मूळ संख्यांत तिच्याहून मोठ्या तीन होत्या, पण त्या तिन्हींना जनक होते.

एवढ्या अजस्र संख्येचा जनक नाही, हे कसे ठरवायचे? इथे कापरेकरांच्या प्रश्नाचा साधेपणा कामी येतो. ७२ लाख अंकांची बेरीज फार तर ६,५१,२१,५९७ होणार, म्हणजे जनक असलाच तर तो तेवढ्याच अंतरात खाली असणार. एवढ्या वजाबाकीने सहसा शेवटचे आठ अंकच बदलतात. हातचा घ्यावा लागला तर त्याआधीचेही थोडे. वरच्या लाखो अंकांची बेरीज एकदाच करायची. शिवाय संख्येला ९ ने भागून येणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते, हा शाळेतला नियम लावला की जनकाची बाकीही आधीच ठरते. तपासायला उरतात जेमतेम डझन-दीड डझन उमेदवार. मूळ संख्या शोधायला हजारो संगणक लागले. संख्या दशमान रूपात हाती आल्यावर ती स्वयंभू आहे की नाही, ही तपासणी मास्तरांच्या वहीत मावेल अशी आहे.

लहान मर्सेन संख्यांवर वाचक स्वतः करून पाहू शकतात. ३, ७ आणि ३१ स्वयंभू आहेत. १२७ नाही, तिचा जनक १२२.

कापरेकरांनी हे पाहिले नाही. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, १ हा अंक सलग १,०३१ वेळा लिहून होणारी संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले. तिचा वर्ग त्यांच्या डेमलो घराण्यातला.