रक्ताच्या गुठळीचा माग काढणारे रूडोल्फ फिरखो

एखाद्याचे अर्धे अंग अकस्मात लुळे पडले, की त्याच्या अंगावरून वारे गेले, असे आपल्याकडे म्हणतात. अर्धांगवायू या शब्दातही तोच वारा वाहतो आहे. जर्मन माणूस या व्याधीला तडाखा म्हणतो आणि इंग्रजही तसेच म्हणतो. वारा म्हणा, तडाखा म्हणा, बाहेरून काही तरी आले आणि क्षणात माणसाला पाडून गेले, हीच कल्पना या सर्व शब्दांच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात तो घाव बहुतेक वेळा आपल्याच रक्ताने घातलेला असतो. शरीराच्या एका ठिकाणी साखळलेले रक्त सुटून दुसऱ्या ठिकाणी कसे जाऊन बसते, हे ज्यांनी पुराव्यानिशी दाखविले, त्या रूडोल्फ फिरखो यांचे चरित्र आपल्या शालेय पुस्तकांत सहसा आढळत नाही. जीवशास्त्राच्या धड्यात त्यांचे नाव आले तर ते पेशींच्या संदर्भात एका ओळीपुरते येते. वास्तविक ते एका ओळीत मावणारे गृहस्थ नव्हते.

प्रशियाच्या राज्यातील पॉमरेनिया प्रांतात शिव्हेलबाइन नावाचे लहानसे गाव होते. आज ते पोलंडमध्ये आहे. तेथे १३ ऑक्टोबर १८२१ रोजी रूडोल्फचा जन्म झाला. वडील शेती करीत आणि गावाच्या खजिनदारीचे कामही पाहत. घरची स्थिती बेताची होती. मुलगा मात्र बुद्धिमान निघाला. शाळा सोडताना त्याने जो निबंध लिहिला, त्याचा विषय असा होता, की श्रमाने व कष्टाने भरलेले आयुष्य हे ओझे नसून वरदान आहे. शाळेतल्या निबंधात असली वाक्ये आपण सारेच लिहितो. या मुलाने पुढे साठ-बासष्ट वर्षे ती आचरून दाखविली. प्रथम धर्मोपदेशक होण्याचा विचार त्याच्या मनात होता. पण आवाज क्षीण, म्हणून तो बेत राहिला. बर्लिनमध्ये लष्करी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती. तेथे हुशार पण गरीब मुलांना वैद्यकाचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळे. १८३९ मध्ये रूडोल्फ तेथे दाखल झाला आणि १८४३ मध्ये पदवी घेऊन बर्लिनच्या शारिटे या विख्यात रुग्णालयात रुजू झाला.

तेथे शवविच्छेदनाचे काम रोबेर्ट फ्रोरीप यांच्याकडे होते. त्यांनी या तरुण साहाय्यकाला नीलांच्या दाहाचा प्रश्न अभ्यासासाठी दिला. प्रश्न साधा दिसतो, पण त्या काळी तो सर्व रोगविज्ञानाच्या मध्यभागी उभा होता. पॅरिसचे थोर शरीरविकृतिशास्त्रज्ञ क्रूव्हेल्ये यांचे मत असे होते, की नीलांचा दाह हाच असंख्य रोगांचा मूळ सूत्रधार होय. प्रेताच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली, की त्या जागी वाहिनीला दाह झाला आणि त्यामुळे तेथेच रक्त साखळले, असा अर्थ लावला जाई. मेंदूचेही तेच. स्वित्झर्लंडमधील योहान याकोब व्हेप्फर या वैद्याने १६५८ मध्येच दाखविले होते, की काही पक्षाघातांत मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. परंतु अनेक रोग्यांच्या मेंदूत सांडलेले रक्त मुळीच सापडत नसे. मेंदूचा एखादा भाग तेवढा मऊ, लिबलिबीत झालेला दिसे. हाही दाहच, असे पुष्कळ डॉक्टर मानीत.

फिरखो यांनी निराळा प्रश्न विचारला. ही गुठळी येथेच जन्मली कशावरून? ती दुसरीकडून आली नसेल कशावरून?

फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकून मेलेल्या रोग्यांची शवे ते तपासू लागले. पुष्कळदा धमनीची भिंत निरोगी दिसे, दाहाचे चिन्ह नसे, आणि त्याच शवाच्या पायांच्या वा कटिभागाच्या नीलांत दुसऱ्या गुठळ्या असत. संशय बळावला. परंतु संशय म्हणजे सिद्धता नव्हे. म्हणून त्यांनी कुत्र्यांच्या मानेतील नीलेत रबराचे तुकडे, तसेच शवांतील नीलांतून काढलेल्या गुठळ्यांचे तुकडे सोडले आणि पुढे ते कोठे सापडतात हे पाहिले. ते फुप्फुसाच्या धमन्यांत सापडले. नीलेतून निघालेला तुकडा हृदयाच्या उजव्या बाजूतून जाऊन फुप्फुसात अडकतो, हे यावरून निर्विवाद ठरले. (या प्रयोगांचे वर्णन वाचताना मन कष्टी होते. त्या काळी प्राण्यांवरील प्रयोगांना आजच्यासारखे निर्बंध नव्हते.) १८४६ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी तेच तर्कशास्त्र धमन्यांना लावले. हृदयाच्या डाव्या बाजूत, तेथील झडपांवर किंवा कप्प्यांत, जे साखळते ते सुटले तर फुप्फुसात जाणार नाही. ते शुद्ध रक्ताबरोबर बाहेर पडेल आणि मेंदू, मूत्रपिंड, प्लीहा वा पाय यांच्या धमन्यांत जाऊन रुतेल. मेंदूच्या धमनीत ते रुतले, की पलीकडच्या भागाचे रक्त तुटते आणि तो भाग मरू लागतो. मेंदूचे ते मऊ पडणे पुष्कळदा दाहाचे नसून उपासमारीचे असते. ज्याचा वाव्हाळ बुजला त्या शेतातले भात करपते, तसेच हे. लंडनमध्ये विल्यम कर्क्स या डॉक्टरांनीही १८५२ मध्ये स्वतंत्रपणे हृदयातून सुटणाऱ्या अशाच तुकड्यांचे परिणाम वर्णिले. परंतु सर्व विषयाला नावरूप देण्याचे श्रेय फिरखो यांचेच. जागच्या जागी रक्त साखळणे याला त्यांनी ग्रीक भाषेवरून थ्रॉम्बोसिस हे नाव दिले, आणि सुटलेली गुठळी वाहत जाऊन खुंटीप्रमाणे अन्यत्र रुतणे याला एम्बोलिझम. आज जगातील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात हे दोन शब्द रोज उच्चारले जातात.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की मग पायातली गुठळी मेंदूत का जात नाही? त्याचे कारण फुप्फुस. ते मध्ये गाळणीसारखे उभे आहे. पण बऱ्याच जणांच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मापूर्वीचे छिद्र उघडे राहिलेले असते. तेवढ्या वाटेने मात्र पायातली गुठळी डाव्या बाजूला येऊन मेंदूपर्यंत पोचू शकते.

रक्त कशाने साखळते, याची तीन कारणे डॉक्टर सांगतात: वाहिनीच्या भिंतीला इजा, प्रवाहाला मंदपणा आणि खुद्द रक्ताच्या गुणात बदल. यांना फिरखोची त्रयी म्हणतात. गंमत अशी, की हे नाव त्यांच्या लेखनानंतर सुमारे शंभर वर्षांनी रूढ झाले. त्यांच्या ग्रंथांत हे विचार विखुरलेले आहेत. पण पाठ करण्याजोगी ही त्रिपदी त्यांनी स्वतः कोठे मांडलेली नाही. तरी ती उपयोगी आहे खरी. मानेच्या वा मेंदूच्या धमनीत वर्षानुवर्षे मेदाचा थर साचून तो फुटला, तर भिंतीची इजा झाली. वार्धक्यात कित्येकांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मग डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातील पिशवीत रक्त तुंबते आणि साखळते. हा झाला मंद प्रवाह. अशा वृद्धांना डॉक्टर रक्त न साखळण्याचे औषध देतात, ते याचसाठी.

रुतलेली गुठळी काढून टाकता येईल, ही आशा मात्र फिरखो यांच्या हयातीत कोणालाच नव्हती. गुठळी विरघळविणारे औषध पक्षाघातात उपयोगी पडते, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सिद्ध झाले. पुढे २०१५ मध्ये अनेक देशांतील चाचण्यांनी दाखविले, की मोठ्या धमनीत रुतलेली गुठळी बारीक नळी आत सरकवून ओढून काढता येते. दोन्ही उपायांना एकच अट आहे, ती वेळेची. औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मोठी धमनी बंद झाली असता दर मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. म्हणून घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेनासा झाला किंवा जीभ जड होऊन बोलणे अडखळू लागले, तर तेल चोळीत सकाळची वाट पाहणे हा घात होय. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. त्यानंतर मेंदूचे चित्र घेऊन रक्तस्राव आहे की गुठळी, हे ते ठरवतात. कारण रक्तस्राव असताना गुठळी विरघळविणारे औषध दिले तर ते जिवावर बेतेल.

आता पुन्हा १८४८ सालाकडे वळू. त्या वर्षी अप्पर सायलेशिया या प्रशियाच्या प्रांतात टायफस ज्वराची भयंकर साथ होती. सरकारने फिरखो यांना पाहणीसाठी पाठविले. तेथील प्रजा पोलिश भाषा बोलणारी, अत्यंत दरिद्री, दुष्काळाने गांजलेली. फिरखो सुमारे तीन आठवडे तेथे हिंडले. औषधांची यादी घेऊन परततील, अशी सरकारची अपेक्षा असावी. त्यांनी अहवाल दिला तो असा, की या लोकांना स्वराज्याचे अधिकार द्या, शिक्षण द्या, रस्ते बांधा, करांचा बोजा कमी करा, आणि त्यांच्या पोलिश भाषेला राजमान्यता द्या. ज्या भाषेत लोक विचार करतात ती भाषा शाळेत व कचेरीत नसेल, तर ते अज्ञानी राहतात आणि अज्ञानी राहिले की रोगाला बळी पडतात, असा त्यांचा रोख होता. घरी कोंकणी बोलणाऱ्या आणि शाळेत मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला अहवालातला हा भाग सर्वांत आधी दिसला, यात नवल नाही. भाषा हा आरोग्याचा विषय आहे, असे एका डॉक्टरने १८४८ मध्ये सरकारला लिहून द्यावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. पद्धत मात्र त्यांची जुनीच होती. रोग जेथे दिसतो तेथेच त्याचे मूळ असते, असे त्यांनी फुप्फुसाबद्दल मानले नाही आणि सायलेशियाबद्दलही मानले नाही.

बर्लिनला परत येतात तो मार्चमध्ये क्रांती पेटलेली. फिरखो रस्त्यावरच्या मोर्चेबंदीत उभे राहिले. हातात एक जुनाट पिस्तूल होते. वैद्यकसुधारणेसाठी त्यांनी एक साप्ताहिकही काढले. क्रांती फसली आणि १८४९ मध्ये शारिटेतील त्यांची जागा गेली. व्ह्यूर्त्सबुर्ख विद्यापीठाने राजकारणापासून दूर राहण्याच्या बोलीवर त्यांना आसरा दिला. तेथील सात वर्षांत प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धांत त्यांनी ठामपणे मांडला. पेशींचे विभाजन रोबेर्ट रेमाक या संशोधकाने अगोदरच दाखविले होते. त्या बिचाऱ्याच्या वाट्याला पुरेशी कीर्ती आली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलाविले. त्याच वर्षी गुठळ्यांवरील त्यांचे सर्व निबंध एकत्र प्रसिद्ध झाले, आणि १८५८ मध्ये पेशी व रोग यांवरील वीस व्याख्यानांचा जगद्विख्यात ग्रंथ निघाला. यापुढचे त्यांचे आयुष्य नुसते मोजायचे म्हटले तरी दमछाक होते. बर्लिनचे नगरसेवक, प्रशियाच्या विधिमंडळाचे सभासद, पुढे जर्मन संसदेचेही सभासद. शहरातील भुयारी गटारांची योजना, नवी रुग्णालये, मांसाची तपासणी या सर्वांमागे त्यांचा हात होता. विधिमंडळात बिस्मार्कच्या सत्यनिष्ठेविषयी त्यांनी शंका घेतली, तेव्हा १८६५ मध्ये त्या पोलादी पुरुषाने त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. फिरखो यांनी ते नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी कृमींनी भरलेले मांस निवडले, अशी एक खमंग कथा सांगतात. तिला आधार नाही.

मुलांना विशेष आवडेल अशीही एक गोष्ट आहे. जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा व त्वचेचा रंग त्यांनी शिक्षकांकरवी नोंदवून घेतला. निळ्या डोळ्यांची, सोनेरी केसांची एक शुद्ध जर्मन जात आहे, हा डौल त्या काळी वाढत होता. १८८६ मध्ये निष्कर्ष निघाला, की सर्वत्र मिश्रण आहे. ज्यू मुलांतही सोनेरी केसांची मुले पुष्कळ आहेत. पुढच्या पिढीने हा हिशेब मानला असता तर किती बरे झाले असते.

चुका त्यांनीही केल्या, आणि मोठ्या केल्या. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी हात निर्जंतुक करावेत, असे जीव तोडून सांगणाऱ्या सेमेलवाइसची कदर त्यांनी केली नाही. जंतूंमुळे रोग होतात या मताकडे ते दीर्घकाळ संशयाने पाहत राहिले. निआंडरथालची प्राचीन कवटी त्यांनी रोगट ठरविली. क्रूव्हेल्येसारख्या अधिकारी पुरुषाला तेविसाव्या वर्षी आव्हान देणारा माणूस पन्नाशीनंतर स्वतःच तसा अधिकारी पुरुष होऊन बसला. मला तर वाटते, की थोरपणाची ही किंमत त्यांच्यापेक्षा त्यांच्या काळच्या रोग्यांनीच अधिक मोजली.

४ जानेवारी १९०२ रोजी बर्लिनच्या एका रस्त्यावर चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. वय ऐंशी वर्षांचे. अंथरुणाला खिळलेल्या अशा वृद्धांना पायात गुठळी होऊ नये म्हणून आज डॉक्टर न चुकता औषध देतात. फिरखो त्या दुखण्यातून पुरते सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी हृदय थकून त्यांचे देहावसान झाले. पंचविसाव्या वर्षी, १८४७ मध्ये, एका मित्राबरोबर त्यांनी सुरू केलेले रोगविज्ञानाचे नियतकालिक त्यांच्याच नावाने आजही प्रसिद्ध होते.