घोड्याची किंमत विचारत बीजगणित शिकवणारे भास्कराचार्य

शाळेत फळ्यावर पहिल्यांदा क्ष आला आणि आपल्यातल्या निम्म्यांचं गणिताशी फाटलं. आकडे कसेबसे जमत होते, मध्येच हे अक्षर कुठून आलं?

पावणेनऊशे वर्षांपूर्वी हाच क्ष शिकवायला एका माणसाने घोडे, हत्ती आणि माकडं कामाला लावली होती. ते म्हणजे भास्कराचार्य.

जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. हा कुणाचा अंदाज नाही, त्यांनी स्वतःच ते ग्रंथात लिहून ठेवलंय. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. ते नेमकं कुठलं यावर मात्र वाद आहे. कुणी विजापूर म्हणतं, कुणी चाळीसगावजवळचं पाटण. वडील महेश्वर ज्योतिषी होते आणि मुलाचे गुरूही तेच.

वयाच्या ३६ व्या वर्षी भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय.

लीलावतीत एक राजा शत्रूचे हत्ती पकडायला निघतो. पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, मग रोज ठरावीक अंतर वाढवत ७ दिवसांत ८० योजनं गाठतो. रोजची वाढ किती?

ही आपली अंकगणिती श्रेढी. रोज २ प्रमाणे ७ दिवसांचे १४ झाले. उरले ६६. वाढ दुसऱ्या दिवशी एकदा, तिसऱ्या दिवशी दोनदा, अशी सातव्या दिवशी सहादा येते. एकूण २१ वेळा. म्हणून ६६ भागिले २१, म्हणजे २२/७ योजनं. (हो, तोच पायवाला अपूर्णांक. इथे त्याचा वर्तुळाशी काही संबंध नाही.)

बीजगणितातलं घोड्यांचं उदाहरण तर भारीच आहे. एकाकडे ३०० नाणी आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर एका घोड्याची किंमत किती?

दोघांचेही सहा-सहा घोडे बाजूला काढा. एकीकडे ३०० उरले, दुसरीकडे ४ घोडे आणि कर्ज. म्हणजे ४ घोड्यांचे ४००, एकाचे १००. आता किंमत १०० पेक्षा कमी धरून बघा, पहिला श्रीमंत ठरतो. जास्त धरली की दुसरा. शाळेत असमानता अशी शिकवली असती तर काय बिघडलं असतं?

इथे क्षच्या जागी आहे 'यावत्तावत्'. आणखी अज्ञात संख्या आल्या तर काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. कर्जासारख्या ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब.

माकडांच्या एका गणितात त्यांना दोन उत्तरं मिळाली, ५० आणि ५. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत शिरली आणि बाहेर दिसतंय एक. दोन्ही उत्तरं ताळ्यात बसतात. पण ५ धरलं तर वर्ग करण्याआधी उणे दोन माकडं येतात. लोकांना हे पटणार नाही म्हणून त्यांनी ते उत्तर सोडलं.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती अडकला आणि तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती येते फैजीच्या फारसी भाषांतरातून. ते झालं १५८७ मध्ये, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे, पण पुरावा म्हणून तिच्यावर फार भार टाकता येत नाही.

पक्का पुरावा पाटणला सापडला. मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव, दोघेही यादव राजांच्या पदरी होते. चांगदेवाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तसा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी मराठीत. बाजारातल्या व्यवहारांमधून मठाला काय काय मिळावं, ते त्यात लिहिलंय.