चिनी बोलणारा सोलापूरकर

सोलापूर म्हटलं की होस्टेलच्या पोरांना आठवतं ते ऊन, शेंगाचटणी आणि चादरी. पण याच गावात भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर आहे. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. ते चीनला गेले, जखमींची सेवा केली आणि तिथेच वारले, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली दुसरीच गोष्ट जास्त भावते. हा माणूस चिनी भाषा शिकला!

जन्म 10 ऑक्टोबर 1910, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. 1937 मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चीनकडून मदतीची हाक आली आणि 1938 मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते. तिकडे पाचही जणांनी चिनी नावं घेतली, प्रत्येकाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन. आपले कोटणीस झाले के दिहुआ.

नाव घेणं सोपं हो, भाषेचं काय? चिनीला बाराखडी नाही, हजारो चिन्हं पाठ करायची. वर सुरांची भानगड. 'माय' हा उच्चार एका सुरात काढला तर विकत घेणे, दुसऱ्या सुरात काढला तर विकणे! व्हायवाला इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना आपली काय अवस्था होते, ते आठवा. इथे तर समोर गोळी लागलेला खेड्यातला पोरगा. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, हे दुभाष्यामार्फत किती कळणार? कोटणीस चिनी बोलायला शिकले, लिहायलाही शिकले.

1940 मध्ये कॅनडाचे दिवंगत डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांना गुओ चिंगलान भेटल्या. त्या नर्सिंग शिकवायच्या. हा परदेशी डॉक्टर चिनी बोलतो, वर लिहितोसुद्धा, याचंच त्यांना नवल वाटलं. म्हणजे बघा, बायकोसाठी भाषा शिकले असं नाही, पेशंटसाठी शिकलेल्या भाषेनेच बायको मिळवून दिली! 1941 च्या सुरुवातीला कोटणीस बेथून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख झाले आणि वर्षाअखेरीस दोघांचं लग्न झालं.

ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण बापाची मायबोली मुलाच्या कानावर पडायला वेळच मिळाला नाही. 9 डिसेंबर 1942 ला फिट्सच्या आजाराने कोटणीस गेले. वय अवघं 32, मुलगा साडेतीन महिन्यांचा. विद्यार्थ्यांसाठी लिहायला घेतलेलं शस्त्रक्रियेचं पुस्तक अर्धवट राहिलं. पथकातले बाकी चौघे मायदेशी परतले. चिंगलानबाईंनी पुढे या संसाराच्या आठवणी लिहिल्या. 2012 मध्ये त्या वारल्या.

व्ही. शांतारामांनी 1946 मध्ये कोटणीसांवर चित्रपट काढला. त्यात शांताराम कोटणीस आणि जयश्रीबाई चिंगलान. हिंदी चित्रपट, तेव्हा चिनी नायिका हिंदीत बोलणार हे ओघानेच आलं. प्रेक्षकांना कळायला पाहिजे, त्यामुळे तक्रार नाही. पण त्यामुळे झालं असं की, ती आपल्या भाषेत बोलली हे लोकांनी पाहिलं आणि तो तिच्या भाषेत बोलत होता हे राहूनच गेलं. मला विचाराल तर खरी कर्तबगारी तिथेच होती.

मित्रांनो, आपल्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळं एका गल्लीत ऐकू येतं. होस्टेलवरही तेच. पण रूममेटच्या भाषेतल्या शिव्या दोन दिवसांत पाठ होतात आणि गाडी तिथेच अडकते. चिनी राहू द्या. चार वर्षांत शेजारच्या कॉटवरच्याला त्याच्या भाषेत 'जेवलास का, बरं आहे ना' एवढं विचारता आलं, तरी पुष्कळ झालं. तापाने फणफणलेल्या पोराला अशा वेळी आईची भाषा ऐकू आली की काय वाटतं, ते होस्टेलवर राहिलेल्यांना सांगायला नको.