विजेच्या गाडीचा शिल्पकार : फ्रँक स्प्रेग

आमच्या बडोदे परिसरातील डभोई-मियागाम हा अरुंद रुळांचा लोहमार्ग १८६२ साली सुरू झाला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत असत, हे ऐकून आमच्या विद्यार्थिमित्रांना आज हसू येते. परंतु त्या काळी अमेरिकेतील मोठमोठ्या शहरांतही ट्रामगाडीला घोडे नाही तर खेचरेच जुंपलेली दिसत. मुक्या जनावरांच्या मानेवरील हे ओझे उतरवून नगरवासीयांच्या प्रवासाला नवे वळण देणाऱ्या फ्रँक ज्युलियन स्प्रेग या अभियंत्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

स्प्रेग यांचा जन्म २५ जुलै १८५७ रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मिलफर्ड येथे झाला. बालपणीच मातृवियोग झाला. वडील पश्चिमेकडे निघून गेले आणि फ्रँक व त्याचा धाकटा भाऊ यांचा सांभाळ मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ॲडम्स गावी आत्याने केला. घरची परिस्थिती बेताची, पण गणितात या मुलाची बुद्धी विलक्षण चाले. चढाओढीच्या परीक्षेत यश मिळवून, उसन्या पैशांच्या आधारे तो ॲनापोलिसच्या नौदल विद्यालयात दाखल झाला आणि १८७८ साली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला.

नौदलात असताना १८८२ साली लंडन येथील विद्युत्-प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांना तेथे राहण्याचा योग आला. त्या वेळी लंडनच्या भुयारी मार्गावर वाफेची इंजिने धावत. धुराने कोंदलेल्या त्या बोगद्यांतून प्रवास करताना, ही गाडी विजेवर का चालू नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. १८८३ मध्ये नौदलाचा राजीनामा देऊन ते एडिसन यांच्याकडे रुजू झाले. परंतु एडिसन यांचे सारे लक्ष दिव्यांकडे आणि स्प्रेग यांचे मोटारीकडे! पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

खरी कसोटी लागली ती व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी. १८८७ साली त्यांनी तेथील ट्रामचा ठेका घेतला. सुमारे १२ मैलांचा मार्ग, ४० गाड्या, मुदत ९० दिवसांची, आणि काम पसंत पडले तरच १,१०,००० डॉलर मिळावयाचे, अशा त्याच्या अटी होत्या. ठेक्यावर सही झाली तेव्हा कित्येक यंत्रभागांचे आराखडेसुद्धा तयार नव्हते. त्यातच स्प्रेग विषमज्वराने अंथरुणाला खिळले. बरे होऊन येतात तो रूळ कच्चे बसविलेले आणि चढ कल्पनेपेक्षा उभे!

एका रात्री त्यांनी गुपचूप एक गाडी चढावर नेऊन पाहिली. चढ तर ती चढली. पण माथ्यावर पोचताच मोटार निकामी झाली आणि भोवती बघ्यांची गर्दी जमली. काही उपकरणे आणावयाची आहेत असे सांगून स्प्रेग यांनी सहकाऱ्याला पाठविले व दिवे मालवून स्वतः गाडीत स्वस्थ पडून राहिले. लोक पांगल्यावर ती उपकरणे आली. ती होती चार धट्टीकट्टी खेचरे! ज्यांना रजा द्यावयाची, त्यांच्याच मदतीने त्या रात्री गाडी परत न्यावी लागली.

परंतु स्प्रेग खचले नाहीत. मोटारीची एक बाजू चाकांच्या आसावर टेकवावी आणि दुसरी कमानीवर टांगावी, म्हणजे धक्के बसले तरी दातेरी चाके एकमेकांतून सुटत नाहीत, ही त्यांची युक्ती यशस्वी ठरली. टपावरील दांडा कमानीच्या जोरावर तारेला खालून चिकटून राही आणि गाडीला अखंड वीज मिळे. २ फेब्रुवारी १८८८ रोजी रिचमंडची ट्राम रीतसर सुरू झाली. या कामात स्प्रेग यांना मोठा तोटा सोसावा लागला. मात्र बोस्टनच्या ट्राम कंपनीचे अध्यक्ष व्हिटनी हे काम पाहावयास आले, तेव्हा स्प्रेग यांनी रात्री २२ गाड्या एका ओळीत उभ्या केल्या व एकापाठोपाठ एक चालवून दाखविल्या. व्हिटनी यांची शंका फिटली. मग ठिकठिकाणच्या शहरांनी हीच पद्धत स्वीकारली.

यशाबरोबर एक दुःखही आले. १८९० साली त्यांची कंपनी एडिसन यांच्या नावाच्या मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि यंत्रांवरील स्प्रेग हे नाव पुसले गेले. ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. ते तेथून बाहेर पडले आणि उंच इमारतींतील विजेच्या लिफ्टकडे वळले. त्या कामातूनच त्यांना पुढची कल्पना सुचली. अनेक लिफ्टचे नियंत्रण एका ठिकाणाहून होते, तर गाडीच्या अनेक डब्यांचे का होऊ नये? डब्याडब्याला मोटारी बसवावयाच्या आणि त्या सर्व एकाच चालकाच्या हाताखाली ठेवावयाच्या. मग गाडी कितीही लांब झाली तरी तिचा जोर कमी होत नाही, आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याची खटपटही उरत नाही. शिकागोच्या साउथ साइड उन्नत मार्गावर तोवर वाफेची इंजिने होती. १८९७ च्या जुलैत स्प्रेग यांच्या दहा वर्षांच्या मुलाने सहा डब्यांची गाडी चालवून दाखविली, आणि पुढील वर्षी तो मार्ग विजेवर आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याकडे धावलेली आपल्या देशातील पहिली विजेची उपनगरी गाडी याच तत्त्वावरची होती.

२५ ऑक्टोबर १९३४ रोजी स्प्रेग निवर्तले. पुढे मोटारी व बसगाड्या वाढल्या. रिचमंडची ट्राम १९४९ साली आणि मुंबईची ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली. त्यांचे कार्य संपले असेच कोणालाही वाटले असते. पण ज्या बोस्टनने त्यांच्यावर आरंभी विश्वास टाकला, त्याच शहराने एक बंद झालेला उपनगरी लोहमार्ग उखडून न टाकता १९५९ साली त्यावरून ट्रामगाड्या सोडल्या. १९९२ साली इंग्लंडातील मँचेस्टरने बरी आणि ऑल्ट्रिंगम येथील उपनगरी मार्ग शहरातील रस्त्यांवर घातलेल्या रुळांनी जोडले. उपनगरातून निघालेला प्रवासी गाडी न बदलता भर बाजारपेठेत उतरू लागला. रस्त्यावरची ट्राम आणि उपनगराची आगगाडी, ही स्प्रेग यांची दोन्ही कामे तेथे एकत्र आली.

यंत्रावरचे नाव पुसता येते, यंत्रामागचा विचार पुसता येत नाही. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकी कोणी पुढे मुंबईस गेला आणि उपनगरी गाडीत बसला, तर खेचरांची वाट पाहत अंधारात पडून राहिलेल्या त्या तरुण अभियंत्याची त्याने क्षणभर आठवण करावी, एवढीच आमची इच्छा आहे.