अटकेपार ते कोपरगाव : राघोबादादांच्या जीवनातील पापाची वाटचाल

उरणच्या द्रोणागिरी डोंगरावर पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पूर्वी करंजा बेट या नावाने ओळखली जाणारी ही भूमी चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या काळात पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली आणि पुढे चार दशकांच्या आतच इंग्रजांच्या हाती गेली. या दुसऱ्या बदलामागे पुण्यातील एका घराची फूट होती, आणि त्या फुटीमागे एका कर्तबगार पुरुषाच्या मनात वाढलेला लोभ होता. त्या पुरुषाचे नाव रघुनाथराव पेशवे, म्हणजेच राघोबादादा. त्यांचे जीवन आठवताना त्यांची निंदा करावी हा आमचा हेतू नाही. पाप कसे वाढते, याचा धडा आपण सर्वांनीच त्यातून घ्यावयाचा आहे.

थोरल्या बाजीरावांचे हे धाकटे पुत्र १७३४ साली साताऱ्याजवळील माहुली येथे जन्मले. परमेश्वराने त्यांना शौर्याचे दान मुक्तहस्ते दिले होते. १७५८ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी लाहोर जिंकले आणि मराठ्यांचे झेंडे अटकेपार गेले. येथवरच्या जीवनाला आपण नि:संशय धन्य म्हटले असते.

१७६१ साली पानिपतचा आघात झाला व त्याच वर्षी थोरले बंधू नानासाहेब निवर्तले. पेशवेपद नानासाहेबांचे सोळा वर्षांचे पुत्र माधवराव यांना मिळाले. राज्य चालविण्यास आपणच अधिक योग्य आहोत, असे काकांना वाटले. असा विचार मनात येणे हे अद्याप महापाप नव्हते. परंतु त्यांनी तो विचार दूर सारला नाही, उलट त्याला घर दिले. याकोबाच्या पत्रात पापाची वाढ गर्भातील जिवाच्या वाढीसारखी दाखविली आहे. येथे त्या वाढीचा आरंभ झाला.

पुढची पायरी लवकरच आली. १७६२ साली आळेगाव येथे राघोबादादांनी निजामाचे साहाय्य घेऊन पुतण्यावर शस्त्र उगारले. राज्य दुभंगू नये म्हणून माधवराव स्वतः शरण गेले. पुढील वर्षी राक्षसभुवनच्या लढाईत काका-पुतणे खांद्याला खांदा लावून निजामाविरुद्ध लढले व विजयी झाले. समेटाची ही उत्तम संधी होती, पण मनातील सल तसाच राहिला. १७६८ साली धोडप येथे त्यांनी पुन्हा बंड केले, त्यांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत राहावे लागले.

१८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपला धाकटा भाऊ नारायणराव याला काकांच्या हाती सोपविले होते. दहा महिनेही उलटले नाहीत तोच, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गारद्यांनी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावाची हत्या केली. काकांनी केवळ धरण्याचा हुकूम दिला होता आणि दुसऱ्या कोणी ‘ध’चा ‘मा’ केला, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती खरी मानली तरी अपराध पुसला जात नाही. ज्याने सशस्त्र माणसांना घरात वाट करून दिली, त्याला पुढील रक्तपात आपला नव्हे असे म्हणता येत नाही. पापाचा आरंभ आपल्या हाती असतो, त्याचा शेवट मात्र आपल्या हाती राहत नाही.

पवित्र शास्त्रात दावीद राजापुढे नाथान संदेष्टा उभा राहिला, तसे येथे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे उभे राहिले. त्यांनी राघोबादादांना दोषी ठरविले आणि पद सोडून ते पुण्याबाहेर पडले. दावीदाने आपले पाप कबूल केले व त्याला क्षमा लाभली. राघोबादादांनी मात्र गादी सोडली नाही. आम्हांला वाटते, त्यांच्या जीवनाचा खरा निर्णय येथेच झाला.

१८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावाच्या विधवा पत्नीने पुरंदरावर पुत्राला जन्म दिला. नाना फडणीस आदी बारभाईंनी त्या बालकाचा पक्ष घेतला आणि राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास सुरतेला गेले. या भाऊबंदकीची संधी साधून इंग्रजांनी साष्टी व करंजा हस्तगत केले. मार्च १७७५ च्या सुरतच्या तहाने राघोबादादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याचे मान्य केले. ज्या वसईसाठी काका चिमाजी आप्पा झुंजले होते, ती पुतण्याने गादीच्या मोबदल्यात देऊ केली. युद्ध १७८२ पर्यंत चालले. सालबाईच्या तहात त्यांना दरमहा २५,००० रुपयांचे वेतन ठरले, तर साष्टी, घारापुरी व करंजा इंग्रजांकडेच राहिले. उरणच्या कोळी-आगरी कुटुंबांचा पुण्यातील कलहाशी काय संबंध होता? तरीही त्यांचा राज्यकर्ता त्या कलहातूनच बदलला. पाप कधीही केवळ खासगी राहत नाही.

११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे राघोबादादांचे निधन झाले. पुत्र दुसरे बाजीराव यांनी १८०२ साली वसई येथेच इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली. पित्याच्या पापाचा दोष पुत्राला लागत नाही, हे यहेज्केल संदेष्ट्याने शिकविले आहे. तथापि पित्याने पाडलेली वाट मुलांच्या पायाखाली येते, हेही तितकेच खरे.

आपल्यापैकी कोणी पेशवे नाही. परंतु वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा, घराची वाटणी, भावाला मिळालेला मान यांवरून अबोला धरणारी घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. मत्सर लहान असतो तेव्हाच तो पापनिवेदनात प्रभूपुढे ठेवला पाहिजे. राघोबादादांना परतण्याच्या संधी एकदा नव्हे, अनेकदा मिळाल्या होत्या. आपल्यालाही त्या मिळत आहेत. आज भावाच्या दारी जाणे कठीण वाटत असेल, तर उद्या ते अधिक कठीण होईल, हे ध्यानी घेऊन आपण आजच उठू या.