मॅट्रिक नापास पोरांना सोबत घेऊन लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळरानावर कारखाना उभा केला

सोयाबीनची रास झाली की निलंग्यातून पुण्याला आणि हैदराबादला जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. कोण चाकणच्या कंपनीत हेल्पर म्हणून जातो, कोण बांधकामावर, कोण कोयता घेऊन उसाच्या फडावर. औराद शहाजानी असो नाहीतर कासार शिरसी, तालुक्यातल्या कुठल्याही गावात विचारा, गावातली निम्मी तरणी पोरं बाहेर आहेत असंच उत्तर मिळतं.

आता यावर उपाय काय, तर सगळे एकच सांगतात. कौशल्य शिकवा. आयटीआय काढा, कोर्स काढा, सर्टिफिकेट द्या. पण मेख अशी आहे की निलंग्यात वेल्डिंग शिकलेल्या पोराला वेल्डिंगचं काम पुण्यातच मिळणार असेल, तर तो कोर्स त्याला पुण्याच्या गाडीतच बसवतो. फरक इतकाच, की हेल्पर म्हणून जाणारा आता वेल्डर म्हणून जातो.

मग गावातली माणसं गावातच शिकली, गावातच कारागीर झाली आणि गावातच राहिली असं कधी झालंय का?

तर झालंय. शंभर वर्षांपूर्वी झालंय आणि आपल्याच महाराष्ट्रात झालंय. ते करणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमत नव्हतं. डोकं चालायचं ते यंत्रात आणि चित्रात. घरच्यांची फार इच्छा नसताना थोरले भाऊ रामूअण्णांच्या पाठिंब्यावर ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं गेली आणि कळलं, की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला आलेल्या पोराला रंगच दिसत नाहीत म्हटल्यावर विषय संपला असंच कुणालाही वाटलं असतं.

पण लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरल्या. यंत्रांची चित्रं काढायला रंग ओळखावे लागत नाहीत. ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक म्हणून लागले. नोकरी शिकवण्याची, पण खरं शिक्षण त्यांचंच चाललं होतं. वर्कशॉपमध्ये जायचं, यंत्र खोलायचं, परत जोडायचं. इंजिनिअरिंगची डिग्री त्यांच्याकडे कधीच नव्हती.

याच काळात मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. त्यांनी मुंबईतून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, असा धंदा सुरू झाला. नुसती सायकल विकून भागत नव्हतं, कारण ती चालवायची कशी हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवायचे. माल विकायचा तर आधी माणूस शिकवावा लागतो, हा धडा किर्लोस्कर बंधूंना इथंच मिळाला.

इकडे मुंबईत बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठलं आणि छोटं वर्कशॉप टाकलं. तिथं कडबा कापायची यंत्रं बनायला लागली आणि मग आला लोखंडी नांगर.

आज गंमत वाटेल, पण त्या नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. हळूहळू लोकांनी बघितलं की लाकडी नांगरापेक्षा हा खोल जातो, आणि मागणी वाढली.

धंदा बसतोय असं वाटत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढवायच्या योजनेसाठी वर्कशॉपची जागा रिकामी करायला सांगितली. यंत्रं आहेत, कामगार आहेत, पण पाय ठेवायला जमीन नाही.

तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंधच्या देवळाच्या सभामंडपाचं काम लक्ष्मणरावांनी घेतलं होतं, त्यातून ओळख पक्की झाली होती. बाळासाहेबांनी संस्थानातली जागा देऊ केली आणि वर १० हजार रुपयांचं बिनव्याजी कर्जही दिलं. लक्ष्मणरावांनी निवडली कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन, आजच्या सांगली जिल्ह्यातली. जमीन म्हणजे काय, तर निवडुंग आणि सापांनी भरलेलं माळरान. जमेची बाजू एकच, शेजारून रेल्वे जात होती.

१० मार्च १९१० ला २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. हीच किर्लोस्करवाडी. परदेशात कारखान्याभोवती वसवलेल्या गावांबद्दल त्यांनी वाचलं होतं, तसंच गाव त्यांना करायचं होतं.

खरा प्रश्न आता सुरू होत होता. त्या माळावर शिकलेला कारागीर आणायचा कुठून?

मुंबईहून बोलवावा तर तो येणार नाही, आणि आला तरी टिकणार नाही. तेव्हा लक्ष्मणरावांनी उलटा हिशेब केला. कारागीर मिळत नाही ना, मग जो माणूस मिळतोय त्याला कारागीर करायचं.

के. के. कुलकर्णी हे मॅट्रिक नापास, ते कारखान्याचे व्यवस्थापक झाले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली, ते कारखान्यात इंजिनिअर म्हणून नावाजले. शंभूराव जांभेकर तर यंत्राचे जादूगार म्हणूनच ओळखले जायचे. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे आणि रामूअण्णा गावाचं नियोजन. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं भट्टीवर आणि लेथवर उभी राहिली. शिकणं असं होतं, की पहिल्या दिवसापासून हातात खरं काम. चुकला तर माल वाया, जमला तर त्या मालाचा नांगर होऊन कुणाच्या तरी शेतात चालणार.

एवढंच नाही, तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेल्या दोघांना त्यांनी गावाच्या राखणीला ठेवलं. ज्यांच्या नावाने मुलूख घाबरायचा, ते रात्री किर्लोस्करवाडीचा पहारा द्यायचे. वाडीत शिवाशिव पाळायला बंदी होती. १९१० च्या काळात ही साधी गोष्ट नव्हती.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं लोखंड अडलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या असं सांगितलं जातं. तोफा वितळवून नांगर ओतायचे हे काम वाडीतल्याच माणसांनी केलं.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराच्या जोडीला भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, उसाचे चरक आणि पुढे पंप आले. यातलं एकेक नाव बघा. सगळी यंत्रं शेतकऱ्याच्या कामाची. म्हणजे गिऱ्हाईक गावाकडचं, कारखाना गावात आणि कामगारही गावचाच. या तीन गोष्टी एका जागी आल्या म्हणून माणसं टिकली. नुसतं शिकवलं असतं, तर हीच माणसं पहिल्या रेल्वेने मुंबईला गेली असती, स्टेशन तर शेजारीच होतं.

हे नांगर गावोगाव विकत फिरणारा एक माणूस होता, भाऊराव पाटील. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा आणि शिका ही पद्धत रुजवली. पुढे लोक त्यांना कर्मवीर म्हणायला लागले.

१९४८ मध्ये गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळला गेला. उतारवयातल्या लक्ष्मणरावांनी ते बघितलं. पण कारखाना पुन्हा उभा राहिला. इमारती जळाल्या तरी माणसांच्या हातातलं काम जळलं नव्हतं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

आता या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. किर्लोस्करवाडीत घरही मालकाचं आणि नोकरीही मालकाची होती, त्यामुळे सगळी भिस्त मालकाच्या भलेपणावर. शिवाय त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात उद्योग वाढला तो बंगळूर, हरिहर आणि पुण्यात. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली ती पुण्यात खडकीला. म्हणजे ज्या घराण्याने माळावर गाव वसवलं, त्यांनाही पुढे शहराची वाट धरावी लागली. तरीही किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे.

लक्ष्मणराव वाडी वसवत होते तेव्हा निलंगा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होतं. इथं कुणी बाळासाहेब पंतप्रतिनिधी नव्हते आणि तालुक्याच्या गावाला आजही रेल्वे नाही. अंबुलग्याला साखर कारखाना झाला, पण तोही मधली अनेक वर्षं बंद होता. कारखाना बंद पडला की तिथला फिटर, टर्नर शेतात परत जात नाही, तो गाव सोडतो. तो गेला की त्याच्या हाताखाली शिकणारी पुढची पोरंही तयार होत नाहीत.

लातूर जिल्ह्याला शिकवता येत नाही असं तर कुणीच म्हणू शकत नाही. लातूर पॅटर्नने राज्याला डॉक्टर आणि इंजिनिअर दिले. पण तो पॅटर्न मार्क मिळवणाऱ्यांचा आहे. जे नापास झाले, ज्यांनी शाळा सोडली, त्यांच्यासाठी पॅटर्न कुठं आहे? लक्ष्मणरावांनी कारखाना उभा केला तो अशाच पोरांना घेऊन.

लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. तिथं लातूरच्या किती पोरांना काम मिळणार हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातोय. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात पेरणी यंत्र, मळणी यंत्र, डाळ मिलचे पार्ट, सगळं लागतं आणि बिघडतंही. ते इथंच बनवायचं आणि दुरुस्त करायचं ठरवलं, तर आयटीआयमधून निघालेल्या पोराला पहिलं काम तालुक्यातच मिळू शकतं. त्यासाठी कोर्स सुरू करतानाच, जवळपास कुठल्या वर्कशॉपमध्ये हे पोरगं उभं राहणार आहे, याचा पत्ता ठरवावा लागेल.